किती एचपीची आहे?

बोटीचा विषय निघाला की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो. "किती एचपीची आहे?" दुसरा प्रश्न, "केवढ्याला पडली?" तिसरा प्रश्न नसतोच. पंखा कोणता लावलाय, हे आजवर मी एकाही माणसाच्या तोंडून ऐकलेलं नाही. विकणाऱ्याच्या नाही, घेणाऱ्याच्या नाही, आणि चालवणाऱ्याच्या तर नाहीच नाही. आज जरा यावर भांडायचंय.

पंखा म्हणजे प्रोपेलर. आउटबोर्ड मोटरच्या शेपटाला पाण्याखाली फिरणारी ती तीन पात्यांची वस्तू. मोटर लाखांत जाते, पंखा हजारांत मिळतो, म्हणून तो 'ॲक्सेसरी' समजला जातो. मोटारीबरोबर फुकट मिळणाऱ्या फूटमॅटसारखा. आणि इथेच सगळा घोळ आहे.

आता तुम्ही म्हणाल, दिवसभर कोड लिहिणाऱ्या माणसाला बोटीतलं काय कळतं? बरोबर आहे. २०२४च्या मे महिन्यापर्यंत मलाही काही कळत नव्हतं. बोटीत बसायचं, फोटो काढायचे, उतरायचं, एवढाच संबंध. पण माझे मामा राहुरी तालुक्यातले, मुळा धरणाच्या काठचे. एका मच्छीमार सोसायटीचे सभासद. मुळा धरण म्हणजे बारागाव नांदूरचं, ज्ञानेश्वरसागर, २६ टीएमसीचं. नगर शहराला पाणी तिथूनच जातं. वर्तमानपत्रात 'मुळा धरण भरले' अशी बातमी येते तेवढीच पुणे-मुंबईकरांना त्याची ओळख. पण या पाण्याच्या पलीकडच्या अंगाला वावरथ, जांभळी अशी गावं आहेत. तिकडच्या माणसाला राहुरीला यायचं तर एक तर डोंगरातून लांबचा वळसा, नाहीतर सरळ पाणी ओलांडायचं. तिकडे पूल व्हावा ही मागणी ऐकतच मी मोठा झालो. म्हणजे आपल्यासाठी जी वीकेंडची गंमत आहे, ती तिथे बाजाराला, दवाखान्याला जायची वाट आहे.

मामांच्या सोसायटीची अठरा फुटी फायबरची बोट आहे. जाळी, मासळीचे क्रेट, बर्फ आणि सोसायटीची माणसं, असा तिचा रोजचा संसार. तिला दुसऱ्या हाताची २५ एचपीची फोर स्ट्रोक मोटर. घेतल्यापासून तक्रार एकच. दोन माणसं असली की पळते, पण बारा माणसं बसली की जीव काढते.

आणि मग तो आठवडा आला. २१ मे २०२४च्या संध्याकाळी उजनीच्या पाण्यात करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली बोट वादळात उलटली. सहा जण गेले. दोनच दिवसांनी, २३ मेला, आमच्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यात सुगावला प्रवरेत बुडालेल्या मुलाला शोधायला उतरलेली एसडीआरएफची बोट उलटली आणि तीन जवान गेले. वाचवायला आलेली माणसं गेली. त्या आठवड्यात धरणाकाठच्या प्रत्येक घरात हाच विषय होता.

या दोन्ही घटना पंख्यामुळे झाल्या असं कुणी म्हटलेलं नाही, आणि मीही म्हणत नाही. मला सांगायचंय ते त्यानंतर काय झालं ते. त्याच आठवड्यात एका दुपारी वळवाच्या वाऱ्यात मामांची बोट भर पाण्यात सापडली. बारा जण आत. समोरून वारा, लाटा. मोटर पूर्ण थ्रॉटलला आणि बोट जागची हलेना. "आरं, कण्हत व्हती रे नुसती. बळच नाय तिच्यात," मामा सांगत होते. पाऊण तास लागला काठाला यायला. एरवी तो पंधरा मिनिटांचा पल्ला आहे. घाबरलेल्या सोसायटीने लगेच बैठक घेतली आणि ठराव झाला: ४० एचपीची मोटर घ्यायची. कोटेशन आलं साडेचार लाखांच्या वर.

भीती वाटली की आपण एचपी विकत घेतो. बोटच कशाला, सगळीकडेच. सर्व्हर हळू चालतोय? रॅम वाढवा. कुणी क्वेरी उघडून बघत नाही की एका इंडेक्सवाचून ती अख्खं टेबल चाळत बसलीये. मी हे ऑफिसात इतक्या वेळा बघितलंय की मामांचं 'बळच नाय' ऐकल्यावर माझ्या डोक्यात घंटा वाजली. बळ नाही की बळ लागू पडत नाही? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग मी दोन वीकेंड वाचत बसलो आणि जे कळलं ते एका वाक्यात सांगतो: बोटीला एकच गिअर असतो, आणि तो तुम्ही दुकानात निवडता.

हे नीट समजून घ्या, बाकी सगळं यातच आहे. मोटारीला पाच गिअर असतात. चंदनापुरी घाटात गाडी भरलेली असेल तर तुम्ही खालच्या गिअरमध्ये येता. पाचव्यात घाट चढायला गेलात तर इंजिन घरघरतं आणि बंद पडतं. तेव्हा कुणी म्हणत नाही की 'इंजिनात बळ नाही, मोठं इंजिन टाका'. म्हणतात, 'गिअर पाड की लेका.' आउटबोर्डला पुढे, न्यूट्रल आणि मागे एवढंच असतं. खालचा गिअर, वरचा गिअर ही भानगड नाही. घाट असो की हायवे, एकच गिअर, आणि तो गिअर म्हणजे पंख्याची पिच.

पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात. पहिला व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. पिच म्हणजे पंखा एका फेऱ्यात किती इंच पुढे सरकेल ते, पाणी लाकडासारखं घट्ट असतं आणि पंखा स्क्रूसारखा त्यात शिरत गेला असता तर. पाणी घट्ट नसतं, म्हणून प्रत्यक्षात कमी सरकतो. या तुटीला स्लिप म्हणतात. हलक्या, पाण्यावर उचलून पळणाऱ्या बोटीत ती दहा-वीस टक्के असते. जड, पाण्यात रुतून चालणाऱ्या बोटीत कितीतरी जास्त. पिच जास्त म्हणजे वरचा गिअर: हलकी बोट सुसाट, जड बोट कण्हणार. पिच कमी म्हणजे खालचा गिअर. व्यासाचं काम वेगळं, तो किती पाणी कवेत घ्यायचं ते ठरवतो. जड आणि हळू बोटीला मोठा व्यास चांगला, पण मोटरच्या शेपटात जागा असते तेवढाच बसतो, त्यामुळे तिथे आपल्या हातात फार काही नसतं. पात्याचा कल, पात्याच्या कडेची वळी वगैरे आणखी चार गोष्टी आहेत, त्या शर्यतवाल्यांसाठी सोडून देऊ.

मग योग्य पिच कोणती? इथे दुकानदार छातीवर हात ठेवून सांगतो, "कंपनीने दिलेला आहे साहेब, बरोबरच असणार." कंपनीला काय माहीत हो, तुमच्या बोटीत बारा माणसं आणि मासळीचे क्रेट बसणार आहेत ते! कंपनीने मधलासा एक पंखा खोक्यात टाकलेला असतो, किंवा जुन्या मालकाने त्याच्या हलक्या बोटीसाठी लावलेला. मोटरच्या पुस्तिकेत मात्र एक आकडा छापलेला असतो, तो खरा महत्त्वाचा: पूर्ण थ्रॉटलला इंजिन किती आरपीएमला फिरलं पाहिजे. मामांच्या मोटरला ५००० ते ६०००. नेहमीचा पूर्ण भार टाकून, थ्रॉटल पूर्ण उघडून, सुई या पट्ट्यात आली तर पंखा बरोबर. खाली राहिली तर पिच जास्त, पट्ट्याच्या वर गेली तर पिच कमी. एक इंच पिच बदलली की साधारण १५० ते २०० आरपीएमचा फरक पडतो. बस्स. इतकं साधं गणित आहे. सातवीतला पोरगा करेल. तरी लाखांच्या खरेदीत कुणी करत नाही, कारण पंचवीस-तीस एचपीच्या मोटरला बहुतेक वेळा आरपीएमचा काटाच नसतो. काटा नाही म्हणजे प्रश्नही नाही!

काटा मी नेला. प्लगच्या वायरला गुंडाळायचा, काहीशे रुपयांचा डिजिटल मीटर मिळतो. पहिल्या फेरीत त्याने ८४०० आरपीएम दाखवले आणि मी हबकलो. नंतर कळलं, सेटिंग चुकलंय, ही मोटर प्रत्येक फेऱ्याला ठिणगी टाकते, त्यामुळे आकडा दुप्पट दिसत होता. (टेस्टिंगवाल्या मित्रांनो, हसू नका.)

भार म्हणून खरी माणसं बसवायची नाहीत, हे मी आधीच ठरवलं होतं. दहा माणसांचं वजन म्हणून पन्नास किलोची तेरा पोती बांधून ठेवली आणि मामा व मी दोघे. पोत्यांत माती होती. वाळू नव्हती, हे मुद्दाम सांगतो. राहुरीत वाळूची पोती घेऊन बोटीत दिसलो असतो तर हा लेख तहसील कचेरीतून लिहावा लागला असता. :)

सकाळी सहाला, वारा पडलेला असताना, मोबाइलच्या जीपीएसवर वेग बघत एकदा जाताना आणि एकदा येताना मोजला. वाऱ्याची झुळूक असली तरी दोन्हींची सरासरी काढली की हिशेब बरोबर येतो. निकाल: पूर्ण थ्रॉटलला ४२०० आरपीएम, वेग ताशी १३ किलोमीटर. पंख्यावर कोरलेली पिच १३ इंच.

आता हे बघा. आरपीएमला मोटरच्या गिअर रेशोने भागायचं (आमचा २.०८), पिचने गुणायचं आणि मग ०.००१५२४ने गुणायचं की ताशी किलोमीटर मिळतात. ४२०० आरपीएमला तेरा पिचचा पंखा स्लिप नसती तर ताशी ४० किलोमीटर गेला असता. जात होता १३. म्हणजे तीन फेऱ्यांतले दोन नुसते पाणी घुसळण्यात! त्यात ही मोटर तिचे पंचवीस एचपी देते ५५०० आरपीएमच्या आसपास. ४२००ला ती विसाच्या आसपास देणार. मामा म्हणत होते बळ नाही. बळ होतं, पण इंजिनाला त्या बळापर्यंत पोचूच दिलं जात नव्हतं. पाचव्या गिअरात घाट.

यात आणखी एक चोर आहे, तो कुणालाच दिसत नाही. मोटरवर छापलेले एचपी आयएसओ ८६६५ या मानकाप्रमाणे मोजतात, २५ अंश तापमान आणि १०० किलोपास्कल हवेचा दाब धरून. मुळा धरण पूर्ण भरलं की पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून १८१२ फूट असते. दर हजार फुटांना इंजिनाची ताकद साधारण तीन टक्के उतरते, कारण हवा विरळ. इथेच पाच टक्के गेले. मे महिन्यात चाळीस अंश तापमान, हवा आणखी विरळ, आणखी पाचेक टक्के गेले. पंचवीसचे साडेबावीस काठावरच झाले, बोट पाण्यात ढकलायच्या आधी. मुंबईच्या खाडीत जो पंखा बरोबर बसतो तो राहुरीला एखाद-दुसऱ्या इंचाने जड पडतो. भंडारदऱ्याला त्याहून जड, महाबळेश्वरच्या वेण्णा तलावात तर विचारूच नका. आणि आपल्या धरणांवरच्या मोटरी येतात कुठून? बहुतेक किनाऱ्यावरच्या दुकानांतून. दुकानदाराने विचारलं का, "साहेब, तुमचं पाणी समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे?" आमच्याच दुकानदाराला मी फोन केला. पिचचं विचारल्यावर तो दोन सेकंद गप्प बसला आणि म्हणाला, "सर, तुम्हाला स्पीडचा प्रॉब्लेम आहे ना? मग फॉर्टी घेऊन टाका."

फॉर्टी घेऊन टाका! २५ची फोर स्ट्रोक मोटर साठ किलोच्या आत-बाहेर असते, ४०ची जवळजवळ शंभर किलो. हे जास्तीचे चाळीस किलो अठरा फुटी बोटीच्या अगदी मागच्या फळीवर टांगायचे. मागचा काठ पाण्याच्या आणखी जवळ. ती फळी किती वजनाला, किती ताकदीला बांधलीये हे कुणी बघितलेलं नाही. म्हणजे वादळाला घाबरून आम्ही साडेचार लाख देऊन मागून पाणी आत घ्यायची सोय करणार होतो. आणि ४०च्या खोक्यातही पंखा तोच, 'कंपनीने दिलेला'!

एचपी कागदावर सारखे असले तरी पाण्यात काय होतं याचा सगळ्यात गाजलेला पुरावा १८४५चा आहे. ब्रिटिश नौदलाने दोन जहाजं शेपटीला शेपटी बांधून रस्सीखेच लावली. एक 'रॅटलर', तिला पंखा. दुसरी 'अलेक्टो', तिला बाजूची चाकं. कागदावर दोघींची ताकद सारखी, २०० एचपी. रॅटलरने अलेक्टोला उलटं ओढत नेलं. अलेक्टोची चाकं पूर्ण जोरात पुढे फिरत होती आणि जहाज मागे जात होतं. त्याआधी १८३७मध्ये फ्रान्सिस पेटिट स्मिथ नावाचा इंग्रज शेतकरी आपल्या लाकडी पंख्याची लंडनजवळच्या कालव्यात चाचणी घेत होता. पंखा कशाला तरी आपटून निम्मा तुटला आणि बोट जोरात पळायला लागली. लांबलचक स्क्रूपेक्षा आखूड तुकडाच चांगला, हे त्याला अपघाताने कळलं. तेव्हापासून पंखा बदलून बघणं हे बोटीच्या धंद्यातलं सगळ्यात स्वस्त संशोधन आहे. आपण अजून ते करत नाही.

असो. आम्ही नऊ पिचचा पंखा मागवला, व्यास बसेल तेवढा. हिशेब असा: चार इंच कमी, म्हणजे सहाशे ते आठशे आरपीएम वाढायला हवेत. ॲल्युमिनियमचा, नऊ हजारांच्या आसपास पडला. स्टेनलेस स्टीलचा का नाही, असं सोसायटीतल्या एका तरुणाने विचारलं. (त्याने यूट्यूब पाहिलं होतं.) स्टीलचा पंखा मजबूत असतो, पातळ पात्यांचा असतो, जास्त पळवतो, सगळं खरं. पण उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की खडक, बुंधे, जुने बांध वर येतात. ॲल्युमिनियमचं पातं दगडावर आपटलं की वाकतं आणि मार स्वतः खातं. स्टीलचं वाकत नाही, मग तो धक्का आत गिअरपर्यंत जायची भीती. वाकलेला पंखा हजारांत येतो, तुटलेला गिअर काय किमतीला पडतो ते एकदा विचारून बघा. चार पात्यांचा पंखा जड बोटीला पकड चांगली देतो, थोडा वरचा वेग खातो. तो घ्यायचा विचार होता, पण त्या मापात लगेच मिळाला नाही.

पंखा बदलायच्या आधी एक गोष्ट तपासा, नाहीतर माझ्यासारखा अर्धा दिवस वाया जाईल. पंख्याच्या वर एक आडवी पट्टी असते. ती बोटीच्या बुडाच्या रेषेत किंवा फार तर इंचभर वर हवी. आमच्या बोटीत कुणीतरी मागच्या फळीवर सागाची जाड पट्टी ठोकून मोटर वर उचलली होती, 'पंखा दगडाला लागू नये म्हणून'. त्यामुळे वळताना पंखा वरची हवा ओढायचा, मोटर किंचाळायची आणि बोट थबकायची. हे पंख्याचं दुखणं नाही, उंचीचं आहे. पट्टी काढली, किंचाळणं थांबलं.

आणि प्लगच्या टोप्या काढल्याशिवाय पंख्याला हात लावू नका. मामांना हे सांगितलं तेव्हा ते हसले. मी हसलो नाही.

पुन्हा तीच तेरा पोती, तीच सकाळची वेळ. पूर्ण थ्रॉटलला ५१०० आरपीएम. वेग ताशी १६. आकड्यांत तीन किलोमीटर म्हणजे काहीच वाटत नाही ना? मलाही वाटलं नव्हतं. मामांनी पहिल्यांदा थ्रॉटल उघडला आणि नाक वर करून कण्हत बसायच्या ऐवजी बोट झटकन पुढे सरकली, तेव्हा त्यांनी वळून माझ्याकडे जे पाहिलं ना, ते बघायला हवं होतं. मोटर तीच. पेट्रोल तेच. साडेचार लाख सोसायटीच्या खात्यात तसेच. पुढे जूनमध्ये असाच समोरचा वारा लागला तेव्हा मामांनी फोन करून सांगितलं, "निघाली रे. सावकाश, पन निघाली."

आता दुसरी बाजू, कारण मी जाहिरात करत नाहीये. दोनच माणसं बोटीत असली की ही मोटर आता सहा हजारांच्या वर जायला बघते, तेव्हा थ्रॉटल सोडावा लागतो. रिकाम्या बोटीचा वरचा वेग गेला. गावातली पोरं हळहळली, पूर्वी कशी उडायची म्हणून. पेट्रोलही काही फार वाचलं नाही. म्हणजे एक दिलं, एक घेतलं. पण निवड कशासाठी करायची, रिकाम्या बोटीत दोघांनी भरारी मारण्यासाठी की बारा जण वाऱ्यात सापडतील त्या दिवसासाठी? माझं म्हणणं, सगळ्यात जड नेहमीच्या भाराला पंखा निवडा. हलक्या दिवशी हात आवरता येतो. जड दिवशी पिच कमी करता येत नाही.

'नेहमीच्या भाराला' असं म्हणालो, 'वाट्टेल त्या भाराला' नाही. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला महापुरातून माणसं काढताना बोट उलटली, तिच्यात क्षमतेपेक्षा खूप जास्त माणसं होती. त्याला कोणताही पंखा उत्तर नाही. लाइफ जॅकेटलाही पंखा पर्याय नाही. आमच्या सोसायटीत वाचलेल्या पैशातून आधी बारा जॅकेटं आली, याचा मला पंख्यापेक्षा जास्त आनंद आहे. मामा ते घालतात का? बायकोसमोर घालतात.

माझा खरा राग मात्र सोसायटीवर नाही. ती माणसं पोटापाण्यासाठी बोट चालवतात, त्यांना कुणी सांगितलंच नाही. राग आहे तो कागद करणाऱ्यांवर. पुरासाठी बोटी घ्यायच्या म्हणून निघालेला एक कागद एका ओळखीच्या माणसाने मला दाखवला. बोटीचा रंग लिहिला होता. दोरीची जाडी आणि लांबी लिहिली होती. मोटर 'किमान २५ एचपी'. आणि पंखा? 'स्टँडर्ड'. कशाचा स्टँडर्ड? या बोटीत रिकामी असताना दोन जवान असतील आणि परत येताना दहा माणसं, म्हातारी, पोरं, बोचकी. उलट्या प्रवाहात, कचरा-फांद्यांनी भरलेल्या पाण्यात. त्या परतीच्या भाराला मोटर किती आरपीएम देईल, हे घेतानाच पाण्यात उतरवून, वजनं टाकून तपासा आणि तो आकडा कागदावर लिहून घ्या. एक ओळ वाढेल. दुसरा पंखा, नट, पिन आणि पाना बोटीतच ठेवा, आणखी एक ओळ. आणि पाण्यात पडलेली माणसं उचलायची आहेत म्हणजे पंख्याला जाळीची टोपी हवी का, हा विचार करा. टोपीने वेग थोडा जातो हे खरं, पण पाण्यातल्या माणसाजवळ उघडा पंखा म्हणजे तीन फिरत्या सुऱ्या आहेत. हे सगळं मिळून खर्च किती? एका मोटरच्या किमतीत किती पंखे येतात ते वर सांगितलंच आहे.

आणि तुम्ही, पवना, मुळशी, भंडारदऱ्याला जाऊन बोटीत बसणारे? पुढच्या वेळी बसायच्या आधी मोटर वर उचललेली असेल तर पंख्याकडे बघा. पात्यांच्या कडा चावल्यासारख्या तुटलेल्या दिसल्या, एखादं पातं वाकलेलं दिसलं तर विचारा. बोट भरल्यावर पूर्ण थ्रॉटलला मोटर घरघरत असेल, नाक वर आणि वेग नाही, तर ती बोट परतीच्या वाऱ्याला पुरी पडणार नाही. उतरा. तीनशे रुपये जातील, जाऊ देत. किती एचपीची आहे, ते विचारू नका. तो तुम्हाला उत्साहाने सांगेल आणि तुम्हाला उगाच बरं वाटेल.

परवाच मामांचा फोन आला होता. बोट छान चालतेय, पण गिअरचं ऑइल काढलं तर दुधासारखं पांढरं निघालं. म्हणजे आत पाणी शिरलंय. मी विचारलं, पंखा काढून मागे बघितलं का? बघितलं म्हणाले. जाळ्याचा तंगूस दांड्याला गुंडाळून गुंडाळून पार आतल्या सीलपर्यंत गेलेला. तंगूस सील कापतो, हे मी त्यांना सांगायचं विसरलो होतो. दर महिन्याला पंखा काढून बघायला हवा होता, चूक माझी. आता सीलचा सेट शोधतोय, मिळाला की पुढच्या शनिवारी राहुरी.